दुसऱ्या खेपेची तयारी: आधी थोरल्याचे तास मोजा

दुसऱ्या खेपेला मला कळा सुरू झाल्या रात्री सव्वादोनला. जुलै महिना, बाहेर धो धो पाऊस, नवरा रात्रपाळीला आणि चार वर्षांची थोरली माझ्या पोटावर पाय टाकून गाढ झोपलेली. बॅग भरलेली होती. फाइल तयार होती. हॉस्पिटलात पैसेही भरून ठेवले होते. ठरवायची राहिली होती ती एकच गोष्ट, की या घटकेला थोरलीला कुणाकडे सोपवायचं. डॉक्टरांनी दिलेली तारीख दहा दिवस पुढची होती आणि माझी आई चार दिवसांनी चिपळूणहून निघणार होती.

शेवटी समोरच्या काकूंचं दार वाजवलं. काकू गाऊनवर ओढणी घेऊन आल्या, आमच्याच पलंगावर थोरलीशेजारी आडव्या झाल्या आणि म्हणाल्या, "तू जा गं, मी आहे." सकाळी थोरली उठली तेव्हा आई नाही, बाबा नाहीत आणि स्वयंपाकघरात काकू साखरेचा डबा शोधतायत. पुढचे दोन दिवस ती कुणाशी धड बोलली नाही.

पहिल्या वेळी सगळं घर त्या पोटाभोवती फिरत असतं. दुसऱ्या वेळी पोट आपलं आपण वाढतं, त्याच्याकडे बघायलाही वेळ नसतो. तयारी करावी लागते ती माणसांची आणि तासांची: कुठल्या वेळी थोरल्याजवळ कोण असेल. मुंबईत हे जास्तच, कारण घर लहान, माणसं लांब आणि मधे लोकल. आम्ही भांडुपला राहतो, वन बीएचके, तिसरा मजला, लिफ्ट नाही. खाली लिहिलंय ते त्या घरातून दिसलेलं आहे. औषधपाण्याचं शेवटचं तुमच्या डॉक्टरांनाच विचारा.

पहिलं काम: जुनी फाइल माळ्यावरून काढा

चाचणी दोन रेघा दाखवते त्याच आठवड्यात पहिल्या बाळंतपणाची फाइल शोधा. डिस्चार्ज कार्ड सगळ्यात महत्त्वाचं. सिझेरियन झालं होतं का, का झालं, त्या वेळी रक्तदाब किंवा साखर वाढली होती का, हिमोग्लोबिन किती होतं, रक्त चढवावं लागलं होतं का, हे सगळं नव्या डॉक्टरला कागदावर दिसायला हवं. "सगळं नॉर्मल होतं हो" असं आपण सांगतो आणि आपल्याला अर्धं आठवत नसतं.

रक्तगट निगेटिव्ह असेल आणि नवऱ्याचा पॉझिटिव्ह, तर ही फाइल दुप्पट महत्त्वाची. अशा आईला पहिल्या बाळंतपणानंतर ७२ तासांच्या आत अँटी-डी नावाचं इंजेक्शन द्यावं लागतं (बाळाचा रक्तगट पॉझिटिव्ह निघाला तर). ते राहून गेलं, तर त्याचा त्रास पहिल्या बाळाला होत नाही, दुसऱ्याला होऊ शकतो, कारण आईच्या रक्तात बाळाच्या रक्तपेशींविरुद्ध प्रतिपिंडं तयार झालेली असतात. म्हणून पहिल्या भेटीतच सांगा. या खेपेलाही साधारण २८व्या आठवड्यात आणि बाळंतपणानंतर ते घ्यावं लागतं.

पहिलं सिझेरियन असेल तर दुसरं नॉर्मल होऊ शकतं का, हा प्रश्न नवव्या महिन्यात विचारायचा नाही, तिसऱ्यात विचारायचा. बऱ्याच जणींचं होतं. पण त्यासाठी दोन खेपांमधलं अंतर, जुना टाका आणि आधीचं कारण बघावं लागतं, आणि हॉस्पिटल असं लागतं जिथं चोवीस तास भूलतज्ज्ञ आणि रक्ताची सोय आहे. कोपऱ्यावरचं छोटं नर्सिंग होम तेव्हा चालेलच असं नाही.

महापालिकेच्या प्रसूतिगृहात किंवा हॉस्पिटलात जायचं असेल तर नाव लवकर नोंदवा. परळचं केईएम, सायन, नायर, कूपर ही मोठी हॉस्पिटलं गुंतागुंतीच्या केसेस घेतात. साध्या खेपेला वॉर्डातलं प्रसूतिगृह जवळ पडतं. सरकारी यंत्रणेत दर महिन्याच्या ९ तारखेला गरोदर बायकांची मोफत तपासणी असते, पंतप्रधान सुरक्षित मातृत्व अभियानात. तिथं मिळणारं माता-बाल संरक्षण कार्ड जपून ठेवा. थोरल्याचं जुनं कार्डही सोबत न्या.

धनुर्वाताच्या लशीचं एक लक्षात ठेवा. पहिल्या खेपेला दोन डोस झाले असतील आणि मधे तीन वर्षांहून कमी काळ गेला असेल, तर या वेळी एक बूस्टर पुरतो. लोहाची गोळी मात्र या वेळीही १८० दिवस. ती चहाबरोबर घेऊ नका, चहा लोह शोषू देत नाही. मी पहिले दोन महिने स्टेशनबाहेरच्या कटिंगबरोबर गोळी गिळत होते आणि हिमोग्लोबिन वाढत का नाही म्हणून डॉक्टरांशी हुज्जत घालत होते. साखरेची चाचणी मागच्या वेळी चांगली आली होती म्हणून टाळू नका, खेप वेगळी असते.

आणि थोरल्याचं उष्टं खाणं बंद करा. आईपणाची ही सवय इतकी मुरलेली असते की लक्षातही येत नाही: अर्धी पोळी, चाटलेला चमचा, बुडबुड्यांचं पाणी उरलेला ग्लास. लहान मुलांच्या लाळेतून आणि शूतून सायटोमेगालो नावाचा विषाणू पसरतो. मुलाला त्यानं सहसा काही होत नाही, पण गरोदरपणात आईला नव्यानं लागण झाली तर पोटातल्या बाळाच्या कानांवर परिणाम होऊ शकतो. शी-शू काढल्यावर साबणानं हात, आणि पापा ओठांवर नको, कपाळावर. घरी सांगितलं तेव्हा सासूबाई हसल्या. पण उरलेला वरणभात त्या दिवसापासून नवरा संपवू लागला.

पोट या वेळी लवकर दिसतं आणि हालचालही लवकर कळते, साधारण १६ ते १८ आठवड्यांत. पोट दिसलं की भविष्य सांगणारेही येतात. पहिली मुलगी असेल तर विचारूच नका. "आता मुलगा होऊ दे म्हणजे झालं," असं म्हणणारी मंडळी चांगलीच असतात, हातात बेसनाचे लाडू घेऊन आलेली असतात, आणि थोरली तिथंच चटईवर बसून पोहे खात असते. लिंगनिदान १९९४च्या केंद्रीय कायद्यानं गुन्हा आहे, महाराष्ट्रानं तर १९८८मध्येच तसा कायदा केला होता, एवढं सांगून विषय संपत नाही. आम्ही एक ठरलेलं वाक्य ठेवलं होतं, आणि ते माझ्याऐवजी नवरा बोलायचा: "मावशी, हिच्यासमोर नको." पाहुणे गेल्यावर थोरलीनं विचारलंच, "मी मुलगा नाही म्हणून दुसरं बाळ आणताय का?" चार वर्षांच्या पोरीचा प्रश्न. उत्तर तयार ठेवा.

दुसरं काम: ऑफिसात एक बैठक, लेखी

मातृत्व लाभाचा मूळ कायदा १९६१चा. २०१७च्या दुरुस्तीनंतर पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा मिळते, म्हणजे दुसऱ्या खेपेला पूर्ण. (आधीच दोन मुलं हयात असतील तर १२ आठवडे.) यातले जास्तीत जास्त ८ आठवडे बाळंतपणाआधी घेता येतात. अट अशी की अपेक्षित तारखेच्या आधीच्या १२ महिन्यांत त्या नोकरीत किमान ८० दिवस काम झालेलं हवं. नोकरी बदलायच्या विचारात असाल तर हा हिशेब आधी करा. ५० किंवा जास्त कर्मचारी असतील तिथं पाळणाघराची सोय करणं मालकावर बंधनकारक आहे. असेलच असं नाही, पण विचारायला काय जातं?

बाबांच्या रजेचं दुखणं वेगळं. केंद्र सरकारच्या नोकरीत १५ दिवस मिळतात. खासगी नोकरीत कायदा नाही, कंपनी देईल ती. माझं मत असं, की ती रजा हॉस्पिटलच्या दिवसांत सगळी उडवू नका. तेव्हा आई, सासू, मावशी सगळे हजर असतात आणि बाबा कॉरिडॉरमध्ये मोबाइल बघत बसतात. दोन-तीन दिवस तेव्हा, बाकीची रजा आजी गावी परत जाईल त्या आठवड्यासाठी राखा. त्या आठवड्यात खरी गरज लागते.

कंपनीचा ग्रुप विमा असेल तर दुसऱ्या बाळंतपणाचा खर्च धरतात का, कितीपर्यंत, आणि नवजात बाळाचं नाव किती दिवसांत कळवायचं, हे एचआरकडून ईमेलवर घ्या, तोंडी नको.

सरकारी योजनांपैकी दोन दुसऱ्या खेपेला लागू पडतात. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पात्र कुटुंबाला दुसरी मुलगी झाली तर ६,००० रुपये एकरकमी मिळतात. अर्जाचं अंगणवाडीत विचारा. पिवळं किंवा केशरी रेशनकार्ड असेल तर राज्याची लेक लाडकी योजना आहे, १ एप्रिल २०२३पासून जन्मलेल्या मुलींसाठी: जन्माला ५,००० आणि टप्प्याटप्प्यानं १८व्या वर्षापर्यंत एकूण १,०१,००० रुपये.

तिसरं काम: थोरल्याला सांगणं

पाच वर्षांखालच्या मुलाला तिसऱ्या महिन्यात सांगून काही फायदा नाही, सहा महिने म्हणजे त्याच्या लेखी जन्म झाला. पाचव्या महिन्याच्या सुमारास सांगा, पण सोसायटीतल्या कुणी सांगायच्या आधी सांगा. तारीख सांगू नका, सण सांगा. "आंबे संपले की", "गणपती गेले की", "दिवाळीची सुट्टी लागली की". आमच्याकडे "शाळा सुरू झाली आणि रेनकोट काढला की बाळ" असं ठरलं होतं. पहिला पाऊस पडला त्या दिवशी थोरली रेनकोट घालून दारात उभी.

"तुला खेळायला बाळ येणार" हे सांगू नका. खोटं आहे. येणारं बाळ सहा महिने नुसतं झोपतं, रडतं आणि आईला चिकटून असतं, आणि खेळायला निघालेलं पोर पहिल्याच दिवशी फसवलं गेल्यासारखं बघत राहतं. खरं सांगा. तिचे स्वतःचे तान्हेपणीचे फोटो दाखवा, तेव्हा ती किती रडायची ते सांगा, मुलांना हे फार आवडतं.

शरीराचं काय बदलणार तेही सांगा. आम्ही दोघी रोज लेडीज डब्यातून मुलुंडला जायचो, तिची शाळा तिथं, माझं काम तिथं. ती माझ्या मांडीवर बसायची. सातव्या महिन्यात मांडी संपली. पोट आणि पुढच्या सीटच्या मधे जागाच उरली नाही. तिनं दोनदा चढून बघितलं, दोनदा घसरली आणि मग नाहूरपर्यंत खिडकीकडे तोंड करून उभी राहिली. मला वाटलं, बाहेर बघतेय. घरी आल्यावर तिनं बाहुलीला फेकून दिलं. त्या दिवसापासून आम्ही मांडीऐवजी "हात" ठरवला: उतरेपर्यंत माझा एक हात तिच्या हातात, त्या हातानं मी मोबाइलही धरणार नाही.

तिला उचलायचं का? खेप साधी असेल आणि डॉक्टरांनी मनाई केली नसेल तर थोडं चालतं. कमरेतून वाकून नाही, गुडघ्यात बसून. पण तीन जिने चढताना नाही. आणि "बाळामुळे तुला उचलत नाही" असं चुकूनही म्हणू नका. "आईची पाठ दुखतेय" म्हणा. पाठ दुखतच असते.

मोठे बदल एकदम करू नका: पलंग वेगळा करणं, बाटली सोडवणं, डायपर सोडवणं, नवी शाळा. जे करायचं ते बाळंतपणाच्या तीन महिने आधी संपवा, नाहीतर बाळ चार महिन्यांचं होईपर्यंत थांबा. शाळेचं एक वेगळं आहे. महाराष्ट्रात नर्सरीसाठी ३१ डिसेंबरपर्यंत तीन वर्षं पूर्ण लागतात आणि मुंबईत बऱ्याच शाळांचे फॉर्म आदल्या हिवाळ्यातच निघतात. तुमची तारीख त्या दिवसांत येत असेल तर फॉर्म, फोटो, आधार यांचं पाकीट करून नवऱ्याच्या ताब्यात द्या.

चौथं काम: फ्रिजवर एक तक्ता

मी हे केलं नव्हतं, म्हणून काकूंचं दार वाजवावं लागलं. तुम्ही सातव्या महिन्यात करा.

एक मोठा कागद घ्या. उभ्या रकान्यात थोरल्याचा दिवस लिहा, अगदी बारीक: उठवणं, दूध, डबा, व्हॅनपर्यंत सोडणं, दुपारी आणणं, जेवण, झोप, संध्याकाळी खाली नेणं, रात्रीची गोष्ट, रात्री उठली तर. आडव्या रकान्यात तीन टप्पे: हॉस्पिटलचे दिवस, सव्वा महिना, आणि त्यानंतर आजी गेल्यावरचे दिवस. प्रत्येक चौकटीत एक नाव. दोन नावं लिहिली तर दोघांनाही वाटतं दुसरा बघेल. रिकाम्या चौकटी दिसल्या की पोटात गोळा येईल. तो सातव्या महिन्यात आलेला बरा.

माणूस किती जवळचं, यापेक्षा ते किती स्टेशनं लांब, हे बघा. माझी सख्खी नणंद वसईला, जीव लावणारी. पण रात्री दोनला तिचा उपयोग शून्य, कारण रात्री एकच्या सुमाराला लोकल थांबतात आणि पहाटे चारच्या सुमाराला सुरू होतात. रात्रीसाठी चालत येणारी माणसं लागतात. अशी तीन नावं काढा, त्यांना आधी विचारा आणि एकाकडे घराची किल्ली देऊन ठेवा. संकोच करू नका. चाळीतून फ्लॅटमध्ये आलो तरी शेजाऱ्यांना असं विचारलेलं आवडतंच, असा माझा अनुभव आहे.

मग रंगीत तालीम. एक रात्र थोरलं त्या माणसाकडे झोपू दे, किंवा ते माणूस तुमच्याकडे. रात्रीची गोष्ट सांगून झोपवणं सातव्या महिन्यापासून बाबांकडे द्या. पहिले आठ दिवस रडारड होईल. तुम्ही दुसऱ्या खोलीत बसा आणि उठू नका.

माहेरी जायचं की नाही, यावर घरोघरी वाद होतात. पहिलं माहेरी, दुसरं सासरी, अशी आपल्याकडची जुनी रीत, आणि मला वाटतं यात थोडा शहाणपणाही आहे. पहिल्या वेळी आपण एकट्या जातो. दुसऱ्या वेळी थोरल्यासकट चिपळूण, सातारा, नगर गाठायचं म्हणजे त्याची शाळा, बाबा, खालचे मित्र आणि घर एकाच फटक्यात तुटतं, वर बाळ. शाळेत न जाणारं लहान मूल असेल, माहेरी माणसांचा राबता असेल आणि जवळ चांगलं हॉस्पिटल असेल तर खुशाल जा. नाहीतर आईलाच मुंबईला बोलवा, पण ३६ आठवडे झाले की बोलवा. तारखेच्या हिशेबानं तिकीट काढू नका.

पाळणाघर लावायचं असेल तर बाळंतपणाआधी एक-दोन महिने सुरू करा, तासाभरापासून. बाळ आल्यावर पाठवलं की मुलाला एकच अर्थ कळतो. दिवसाची बाई ठेवणार असाल तर तिला बाळासाठी न ठेवता स्वयंपाक-भांड्यांसाठी ठेवा, म्हणजे आजीला थोरलीकडे बघायला वेळ मिळतो.

घरातली जागा

थोडक्यात सांगते. थोरल्याची झोपायची जागा आहे तीच ठेवा, बाळाची नवी करा. पाळण्याचा हूक छतात आहे का, त्याचा प्लॅस्टर ढिला झालाय का, मिस्त्रीला दाखवून घ्या. झबली-टोपडी माळ्यावरून उतरवा आणि थोरलीच्या डोळ्यांसमोर उघडा. तिचं एखादं झबलं तिनं द्यायला नकार दिला तर राहू दे ते तिच्या बाहुलीच्या अंगात. पावसाळ्यातली तारीख असेल तर लंगोट आणि दुपटी दीडपट घ्या, दोरीवर तीन दिवस वाळत नाहीत.

प्रवास आणि ती रात्र

लोकलमध्ये गरोदर बायकांना दिव्यांगांच्या डब्यातून जाता येतं. डॉक्टरांची चिठ्ठी पर्समध्ये ठेवा, कुणी विचारलं तर वाद घालायची ताकद नसते. शक्य असेल तर ऑफिसात वेळ मागून घ्या आणि साडेआठची गाडी सोडून सव्वानऊची पकडा.

जून ते सप्टेंबरमधली तारीख असेल तर हॉस्पिटलचे दोन रस्ते बघून ठेवा. हिंदमाता, सायन, मिलन सबवे, अंधेरी सबवे ही पाणी भरायची नेहमीची ठिकाणं. तुमचा रस्ता अशा सबवेतून जात असेल तर रुळाच्या आपल्या बाजूचं एखादं हॉस्पिटल दुसरा पर्याय म्हणून डॉक्टरांना विचारून ठेवा. १०८ ही तातडीची रुग्णवाहिका, १०२ गरोदर माता आणि तान्ह्या बाळांसाठी. दोन्ही मोफत, दोन्ही नंबर आजीच्या साध्या फोनमध्येही टाका.

दुसऱ्या वेळी कळा सहसा लवकर पुढं सरकतात. पहिल्या वेळी "घरी चाला, पाच-पाच मिनिटांनी आल्या की या" असं सांगितलं असेल, ते या वेळी चालेल असं धरू नका. कधी निघायचं ते ३६व्या आठवड्यातल्या भेटीत स्पष्ट विचारा, जुना टाका असेल तर नक्कीच. पाणी गेलं, रक्त दिसलं, बाळाची हालचाल मंदावली, तर कुणाचीही वाट न बघता निघा. मी सव्वादोनला उठले, तीनला रिक्षात बसले आणि पाचला धाकटी झाली. हिशेब करा.

बॅगा दोन भरा. दुसरी थोरल्याची: दोन दिवसांचे कपडे, शाळेचं ओळखपत्र, आवडती चादर, औषधाचं माप आणि एका कागदावर तापाचं औषध किती द्यायचं ते. आणि तुमच्या हातची एक चिठ्ठी किंवा फोनवर रेकॉर्ड केलेला निरोप: "मी बाळाला आणायला गेलेय, तू उठशील तेव्हा काकू असतील, संध्याकाळी फोन करते." हा निरोप मी ठेवला असता तर ते दोन दिवस वाचले असते.

हॉस्पिटल आणि पहिली भेट

सरकारी हॉस्पिटलात बाळंतपण, सिझेरियन, औषधं आणि जेवण मोफत असतं, जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात. बाळाला जन्मतःच बीसीजी, पोलिओ आणि कावीळ-बीचा डोस. कावीळ-बीचा २४ तासांच्या आत. कार्डावर नोंद झालीय का बघूनच निघा.

बहुतेक वॉर्डांत लहान मुलांना सोडत नाहीत. आमच्याही हॉस्पिटलात वॉचमननं थोरलीला गेटवर अडवलं आणि ती हातातल्या चाफ्याच्या फुलासकट परत गेली. आधी विचारून घ्या आणि सोडणार नसतील तर तिला तिथपर्यंत आणूच नका, व्हिडिओ कॉल करा. भेट घरी झाली तरी चालते. फक्त त्या वेळी बाळ तुमच्या हातात नको, पाळण्यात असू दे. दोन्ही हात मोकळे ठेवून थोरल्याला आधी जवळ घ्या. बाळाकडे ते स्वतः जाईल, पाच मिनिटांनी किंवा पाच दिवसांनी.

सव्वा महिना

डिंकाचे, मेथीचे लाडू, अळिवाची खीर, बाळंतशेपा, सगळं चालू द्या, फक्त डॉक्टरांनी दिलेल्या लोहा-कॅल्शियमच्या गोळ्या त्यांच्याऐवजी नाही, त्यांच्यासोबत. मालिशवाली बाई येत असेल तर सिझेरियनच्या टाक्यापासून लांब. दोन गोष्टींना मात्र ठाम नाही म्हणा. बंद खोलीत कोळशाची शेगडी नको: धुराला निदान वास असतो, कार्बन मोनॉक्साइडला तोही नसतो, आणि आपल्या खोल्या दहा बाय दहाच्या. आणि बाळगुटी, मध, पाणी काही नको; सहा महिने नुसतं आईचं दूध. हे सासूबाईंना तुम्ही सांगू नका. बालरोगतज्ज्ञाकडे त्यांनाच सोबत न्या आणि त्यांच्यासमोर डॉक्टरांना विचारा. माझ्याकडे हे एका भेटीत मिटलं.

थोरलं मागं जाईल. रात्री गादी ओली करेल, बोबडं बोलेल, भरवून मागेल. आमची चार वर्षांची बाई वाटीतून दूध पीत नव्हती, चमच्यानं पाजा म्हणाली. पाजलं. तीन आठवड्यांत कंटाळली. रागावलात तर तीन महिने चालेल. दिवसातला अर्धा तास तिचा ठेवा, बाळ आजीकडे आणि दार बंद, रोज त्याच वेळी. बघायला येणाऱ्यांना फोनवरच सांगून ठेवा की आधी थोरलीशी बोला, बाळ कुठं पळून जात नाही. माझ्या एका मावसबहिणीनं बाळासाठी काहीच आणलं नव्हतं, थोरलीसाठी खडूंची पेटी आणली होती. तिचं नाव अजून घरात निघतं.

आणि तुमचं स्वतःचं. पहिले काही दिवस कारण नसताना रडू येतं, ते जातं. दोन आठवड्यांनंतरही येत राहिलं, झोप मिळूनही झोप लागेना, बाळाबद्दल किंवा स्वतःबद्दल भलते विचार यायला लागले, तर डॉक्टरकडे जा. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनच्या १४४१६ नंबरवर मराठीतही बोलता येतं. दुसऱ्या वेळी "तुला काय, तुला सगळं माहितेय" असं म्हणून कुणी विचारत नाही, म्हणून आपणच बोलायचं.

कागद

जन्माची नोंद २१ दिवसांत व्हावी लागते. हॉस्पिटल ती पालिकेकडे पाठवतं, पण फॉर्मवरची स्पेलिंग तुम्हीच तपासा: आईचं नाव थोरल्याच्या दाखल्यावर आहे अक्षरशः तसंच. नाव ठरलं नसेल तर नावाशिवाय नोंद होते, आणि १२ महिन्यांच्या आत नाव घातलं तर फी नाही. राज्यात १ मे २०२४पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर बाळाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि आडनाव असा क्रम आहे. थोरलं त्याआधीचं असेल तर दोन भावंडांच्या दाखल्यांवर नावं वेगळ्या क्रमानं दिसतील. घाबरू नका, चूक नाही ती. १ ऑक्टोबर २०२३पासून जन्मलेल्यांना शाळाप्रवेश, पासपोर्ट, आधार या सगळ्याला जन्मदाखला हाच मुख्य पुरावा, म्हणून चार-पाच प्रती एकदमच घ्या. एक प्रत थोरल्याच्या शाळेत देऊन ठेवा, बऱ्याच शाळा भावंडाचा प्रवेश आधी बघतात. मग रेशनकार्ड, मग विमा.

वॉर्ड ऑफिसात मी थोरलीला घेऊन गेले होते. खिडकीतल्या बाईंनी बाळाचं नाव विचारलं, तर हिनं सांगून टाकलं, "बटाटा." बारसं अजून व्हायचं होतं. बाईंनी फॉर्मवर नावाची जागा रिकामी सोडली.